निवडुंग समजून लावलेली वेल

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा औसा तालुक्यातल्या आमच्या रानात ऊस उभ्यानं वाळत होता. मांजरा धरण कोरडं, बोअर आटलेले. यापुढं कमी पाण्याचंच पीक घ्यायचं, हे त्या उन्हाळ्यात ठरलं. पुढं ड्रॅगन फ्रूटचं नाव कानावर येऊ लागलं. निवडुंगाच्या जातीचं, पाणी थोडं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं फळ. व्हिएतनाममधल्या बागांचे व्हिडिओ पाहिले आणि तिथली पद्धत जशीच्या तशी उचलली: सिमेंटचे खांब, माथ्यावर रिंग, खांबाला चार रोपं, भोवती उघडं रान. एवढा खर्च करतोय तर हलकं रान कशाला, म्हणून घरची सगळ्यात भारी काळी जमीन दिली.

हा निवडुंग वाळवंटातला नाही, हे मला फार उशिरा कळलं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत ही वेल झाडांवर चढते, पानांतून गाळून आलेल्या उन्हात वाढते. फ्रेंचांनी ती व्हिएतनामला नेली. तिथं बिन्ह थुआनच्या किनारी भागात ती उघड्यावर तग धरते, कारण समुद्र जवळ, हवा दमट आणि आपल्यासारखा भाजणारा उन्हाळा नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि वारंही कोरडं. मी खांबांतलं अंतर फुटाफुटानं मोजून घेतलं. तिथल्या हवेची चौकशी केली नाही.

२०२१ च्या मे महिन्यात फांद्या पिवळ्या पडू लागल्या. पूर्वेची बाजू हिरवीगार, पश्चिमेची उकडल्यासारखी. अंगठा दाबला की गरात रुतायचा, बोटाला चिकट पाणी लागायचं. झाडाला तहान लागली असं समजून मी ठिबक दुप्पट वेळ चालवलं. सगळ्यात मोठं नुकसान या चुकीनं केलं. कापसाची, उसाची पानं दिवसा बाष्प सोडतात, त्यामुळं पाण्यानं त्यांना गारवा मिळतो. ही वेल दिवसा रंध्रं मिटून घेते आणि रात्री उघडते. दुपारच्या उन्हात तिला पाण्याचा काही आधार नव्हता. नुसती मुळं ओलीत राहिली. सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचा पाऊस झाला, मांजराचे दरवाजे उघडावे लागले. काळ्या रानातलं पाणी हटेना. खोडं बुडापासून सडली, हातानं ओढली तर उपटून यायची.

गावातल्या दोघांनी माझं बघून, मलाच विचारून खांब रोवले होते. त्यांच्या बांधावर जायला मला जड जायचं. कर्जाचे हप्ते तिघांच्याही दारात होते.

अर्धापूरचे आमचे साडू दिवाळीत आले. त्यांची केळी आहे, ग्रँड नैन. तीही बाहेरून आलेली जात. बाग फिरून म्हणाले, "पाव्हणं, आमी केळी लावायच्या आधी पश्चिमेला शेवरी लावतो. उन्हाळ्याचं वारं उघड्या बागेला सोडत नाही. तुमी ह्या वेलीला आडोसाच ठेवला नाही की." मी पाहिलेल्या एवढ्या व्हिडिओंत ही गोष्ट कुठं नव्हती, कारण तिथं तिची गरजच पडत नाही.

बारामतीजवळ माळेगावला केंद्राची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत हे पीक कसं येतं, यावर तिथं काम झालं आहे, हेही मला नंतरच कळलं. मी नाकारलेलं माळाचं रान नेमकं त्याच जातीचं.

आता बाग माळावर आहे. उंच गादीवाफे, दोन्ही बाजूंनी पाणी निघायला चर. पश्चिमेला शेवरी, मधून मधून शेवगा. मार्चपासून फांद्यांवर केओलिनची पांढरी फवारणी आणि ठिबक बेतानं, तेही संध्याकाळी. जूनमध्ये कळ्या दिसू लागल्या की शेवरी छाटावी लागते, नाहीतर सावलीत फूल कमी धरतं. किती छाटायची, याचा अंदाज अजून दरवर्षी नव्यानं घ्यावा लागतो. एखादी ओळ जास्त उघडी राहिली की तिथल्या फांद्यांवर पिवळे डाग येतात.