राक्षसाच्या पाठीवर

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी मुलं व्हिडिओ गेम खेळत असतील. आमच्या पाथर्डीच्या घरी लेक ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ खेळते. २००५ चा जपानी खेळ. सोळा अजस्र राक्षस! अंगावरचे केस धरून वर चढायचं, चमकणाऱ्या खुणेवर तलवार खुपसायची. राक्षस अंग झाडू लागला की नुसतं धरून राहायचं. मुठीतली ताकद संपली की खाली! पाठीवर सपाट जागी जरा थांबलं, तर ती भरून येते.

“पोरीच्या जातीला कशाला हे?” सासूबाई म्हणाल्या.

“महिषासुराला कोणी मारलं, आई?” मी विचारलं.

राक्षस कोसळला की मात्र लेक गप्प होते. त्यानं बिचाऱ्यानं काही केलेलंच नसतं, म्हणते. आता सासूबाई चष्मा लावून शेजारी बसतात. “धर गं घट्ट!”