पडद्यामागचा सेवक

रावेर तालुक्यातील केळीच्या पट्ट्यात ‘ऑटो’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत बसवलेले ते एक लहानसे उपकरण. शेतीची वीज कधी रात्री दोनला येते, तर कधी पहाटे पाचला. शेतकरी घरी झोपलेला असतो. ऑटो मात्र जागा असतो. तिन्ही फेज आल्या, की क्षणभर थांबून तो मोटार सुरू करतो आणि केळीला पाणी मिळते. त्याला कोणी हाक मारीत नाही की शाबासकी देत नाही. ज्या रात्री तो चालला नाही, त्या रात्रीनंतरच त्याची आठवण निघते.

संगणकाच्या पोटातही असे अनेक ऑटो अहोरात्र जागत असतात. कोणी छापखान्याकडे जाणारे कागद सांभाळतो, कोणी घड्याळ बरोबर ठेवतो, तर कोणी बटण दाबले जाण्याची वाट पाहतो. इंग्रजीत त्यांना ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्या वाचकांपैकी कोणाच्या कपाळावर आठी पडली, तर नवल नाही. परंतु येथे सैतानाचा काही संबंध नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६७ साली एका सूक्ष्म जीवाची कल्पना केली होती. पेटीच्या दोन कप्प्यांमधील दारावर बसून तो जलद आणि मंद रेणूंची निवड करीत राहतो. लॉर्ड केल्विन यांनी पुढे त्याला हे नाव दिले. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकात पडद्यामागे राबणाऱ्या कार्यक्रमांना तेच नाव बहाल केले. अशाच एका सेवकाची आणि सावद्यातील आमच्या आत्याबाईंची ही हकिकत आहे.

आत्याबाईंनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ हिरावून नेली. यजमान गेल्यानंतर आम्ही भावंडांनी त्यांना पुण्यास येण्याचा आग्रह अनेकदा केला. पण सावद्याचे घर सोडण्यास त्या तयार नाहीत. त्या घराचा उंबरठा, ओटा, परसातील नळ हे सारे त्यांच्या पायांना आणि हातांना पाठ आहे. नव्या घरात त्या खरोखरच आंधळ्या होतील, हे आम्हांलाही कळते. मग निदान त्यांचे एकटेपण थोडे हलके व्हावे आणि अडीअडचणीला हाक मारता यावी, म्हणून आमच्या पुतण्याने त्यांना एक लहानसा संगणक बसवून दिला.

या संगणकाचे नाव ‘रास्पबेरी पाय’. इंग्लंडमधील केंब्रिज येथे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना संगणकाचे अंतरंग शिकता यावे, या हेतूने तो तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. आकाराने तो पत्त्यांच्या जोडाएवढा. त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा पाया घातला आणि जगभरच्या लोकांनी ती पुढे वाढवली. आत्याबाईंच्या यंत्राला पडदा नाही, माउस नाही. एक लहान स्पीकर आणि आकड्यांच्या बटणांची एक पट्टी, एवढाच त्याचा संसार. १ दाबले की बातम्या, २ दाबले की बहिणाबाई चौधरींची गाणी, ३ दाबले की नातवंडांनी पाठवलेले बोलके निरोप, ० दाबले की सारे बंद. मधल्या ५ च्या बटणावर हाताला लागेल असा उंचवटा आहे. ते मदतीचे बटण. ते दाबले, की शेजारच्या वहिनींच्या आणि आमच्या मोबाइलवर निरोप येतो.

या बटणांकडे कान लावून बसणाऱ्या सेवकाचे नाव ‘ट्रिगरहॅपी’. त्याचे काम तसे साधे आहे. लिनक्समध्ये प्रत्येक बटणपट्टीसाठी एक फाईल असते आणि बटण दाबले, की त्या फाईलमध्ये एक घटना उमटते. दाबले तर १, सोडले तर ० आणि दाबूनच धरले तर २, अशी तिची खूण. हा सेवक त्या घटना वाचतो आणि आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहतो. यादीच्या प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी असतात: कोणते बटण, कोणती खूण आणि कोणती आज्ञा. जुळणी झाली, की तो आज्ञा बजावतो. पट्टी काढून पुन्हा जोडली, तरी त्याला तिची वर्दी मिळावी, अशीही सोय केलेली असते.

दोन वर्षे सारे सुरळीत चालले. मग एका पावसाळ्यात विजेची ये-जा वाढली. या यंत्राची सारी स्मृती नखाएवढ्या कार्डावर असते. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर ते कार्ड बिघडू शकते, आणि तसेच झाले. पुतण्या त्या वेळी परदेशी होता. दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाने नवे कार्ड घालून त्यावर प्रणाली नव्याने चढवली, गाणी आणि याद्या जुन्या प्रतीतून उतरवून दिल्या. यंत्राचा दिवा लागला. पण बटणे मुकी झाली.

पट्टी बिघडली असे ठरले. नवी पट्टी आली, तरी तेच. मग कोणी म्हणाले, बटण नीट दाबले जात नसेल. आत्याबाईंनाही ते पटले. फोनवर त्या आम्हांला म्हणाल्या, “भाऊ, आता माझ्याच बोटांत जोर राहिला नसेल. काढून घेऊन जा ते यंत्र.” यंत्र बंद पडल्याचे दुःख फारसे नव्हते, या वाक्याचे मात्र झाले. ज्याला काही दिसत नाही, त्याच्यासमोर यंत्र गप्प बसले, तर तो दोष स्वतःकडेच घेतो. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो, भुसावळला उतरून सावद्याला पोहोचलो आणि आमचा संगणक त्या यंत्राला जोडून बसलो.

दोष शोधताना मनाशी काही ठरवून बसू नये, साखळीची एकेक कडी तपासावी. आत्याबाईंच्या बोटापासून स्पीकरपर्यंत पाच कड्या होत्या. पहिली कडी स्पीकरची. बटणांना वगळून आम्ही थेट आज्ञा देऊन गाणे लावले, तर ते खणखणीत वाजले. दुसरी कडी पट्टीची. ट्रिगरहॅपीमध्येच अशी सोय आहे, की पट्टीकडून येणारी प्रत्येक घटना तो पडद्यावर मांडून दाखवतो. ती चालू करून आम्ही आत्याबाईंना बटण दाबण्यास सांगितले. तत्काळ पडद्यावर ओळ उमटली: आकडेपट्टीवरचे १, खूण १, पाठोपाठ खूण ०. आम्ही म्हणालो, “आत्याबाई, तुमचे बोट यंत्राला स्पष्ट कळते आहे.” त्यांनी पुन्हा एकदा दाबून खात्री करून घेतली. तेथे अर्धे काम झाले, असे आम्हांला वाटते.

तिसरी कडी सेवकाची स्वतःची. प्रणालीला विचारले, तर सेवक जागा आहे, कामावर आहे, असे उत्तर आले. चौथी कडी यादीची. सेवक यादी वाचतो की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही ७ या रिकाम्या बटणापुढे एक साधी आज्ञा लिहिली: रोजनिशीत एक ओळ लिहून ठेव. सेवक पुन्हा सुरू करून ७ दाबले, तर ओळ लिहिली गेली होती. म्हणजे सेवक ऐकत होता, यादी वाचत होता आणि आज्ञाही सोडत होता. मग गाणे का वाजेना?

उरली पाचवी कडी, ती अधिकाराची. लिनक्समध्ये प्रत्येक काम कोणाच्या तरी नावाने चालते आणि त्या नावाला जेवढे अधिकार, तेवढेच त्या कामाला करता येते. डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या प्रणालींत ट्रिगरहॅपी मुळात ‘नोबडी’ या नावाने चालेल, अशी योजना आहे. नोबडी म्हणजे कोणीच नाही. आवाजाच्या उपकरणाला हात लावण्याचा अधिकार ‘ऑडिओ’ या गटाच्या सभासदांना असतो, आणि नोबडी त्या गटात नसतो. आम्ही तीच गाण्याची आज्ञा नोबडीच्या नावाने देऊन पाहिली आणि उत्तर आले: परवानगी नाकारली. सेवकाच्या रोजनिशीत हीच तक्रार प्रत्येक बटणागणिक लिहिलेली होती. वखारीच्या फाटकावर रात्री ट्रकचा भोंगा वाजावा, राखणदाराने तो ऐकावा, धावत यावे, पण कुलपाची किल्लीच त्याच्याजवळ नसावी, तसा हा प्रकार.

गाण्याचे कारण कळल्यावर आमचे लक्ष ५ च्या बटणाकडे गेले. मदतीचा निरोप पाठवणारा कार्यक्रम दुसऱ्या एका वापरकर्त्याच्या खाजगी कप्प्यात होता. तो कप्पा उघडण्याचीही नोबडीला मुभा नव्हती. म्हणजे गाण्यांबरोबर मदतीची हाकही मुकी झाली होती, आणि त्याची कल्पना कोणालाच नव्हती. त्या दिवसांत आत्याबाईंना ती हाक मारण्याची वेळ आली नाही, ही देवाची कृपा.

आता कोणी म्हणेल, की सेवकाला इतके दुबळे ठेवायचेच कशाला? त्यामागे विचार आहे. १९७५ साली जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अभ्यासकांनी संगणकाच्या सुरक्षिततेची तत्त्वे मांडली. त्यांतील एक असे, की प्रत्येक कार्यक्रमाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा. जो सेवक प्रत्येक बटण ऐकतो, त्याच्या हाती साऱ्या घराच्या किल्ल्या दिल्या आणि उद्या तो कोणा भामट्याच्या कह्यात गेला, तर घर लुटले जाईल. म्हणून त्याला ‘कोणीच नाही’ करून ठेवणे हे शहाणपणाचे. पुतण्याने पूर्वी हा अधिकार त्याला दिलेला होता. नवी प्रणाली आली, तेव्हा मूळची योजना परत लागू झाली, इतकेच.

उपायही त्याच तत्त्वाला धरून केला. सेवकाला सर्वाधिकारी करणे सोपे होते, ते टाळले. पुतण्याच्या जुन्या टिपणात सेवक ‘पाय’ या नावाने चालवावा, असे होते. पूर्वी या संगणकावर त्या नावाचा वापरकर्ता आपोआप तयार होत असे. परंतु सर्वांच्या यंत्रांत एकच ठरावीक नाव असणे धोक्याचे, म्हणून एप्रिल २०२२ पासून ती पद्धत बंद झाली. नव्या कार्डावर ते नाव नव्हतेच. तेव्हा आम्ही एक स्वतंत्र वापरकर्ता निर्माण केला, त्याला ऑडिओ गटात घेतले, मदतीचा कार्यक्रम त्याला वाचता येईल अशा जागी हलवला आणि सेवक त्याच्या नावाने चालू केला. सेवकाच्या मूळ फाईलला हात न लावता वेगळ्या पुरवणीत हा बदल लिहिला. मूळ फाईल प्रणाली अद्ययावत होताना बदलली जाऊ शकते, पुरवणी तशीच राहते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि २ चे बटण दाबण्यास आत्याबाईंना सांगितले. गाणे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. आवाज थोडा वाढवण्यास तेवढे सांगितले.

तेवढ्यावर थांबणे आम्हांला योग्य वाटले नाही. बिघाड पुन्हा होईल; पण तो मुका असू नये. म्हणून आता कोणतेही बटण पोहोचले, की आधी एक बारीक टिंग वाजते. काम पार पडले नाही, तर वेगळा, जाड आवाज येतो. आवाजाचीच वाट बंद झाली, तर हे दोन्ही वाजणार नाहीत, म्हणून यंत्र रोज सकाळी सात वाजता आमच्या मोबाइलवर ‘जागा आहे’ एवढा निरोप धाडते. तो आला नाही, तर आम्ही वहिनींना फोन करतो. शिवाय दर रविवारी सकाळी आत्याबाई ५ चे बटण मुद्दाम दाबतात आणि निरोप मिळाल्याचे वहिनी भिंतीपलीकडून हाक मारून सांगतात.

आज आपल्या अनेक कुटुंबांतील मुले वसईहून, नाशिकहून, जळगावहून दूर देशी गेली आहेत आणि मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या सोबतीला अशी यंत्रे येऊ लागली आहेत. ती जरूर यावीत. पण ती बसवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. सेवकाला कामापुरता अधिकार दिला आहे की नाही, हे त्याच्याच नावाने आज्ञा देऊन तपासावे. आपल्या नावाने सारे चालते, म्हणून त्याच्याही नावाने चालेल असे नाही. आणि ज्या दिवशी यंत्र गप्प होईल, त्या दिवशी “नीट दाबले का?” हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी रोजनिशी उघडावी. सेवकाने आपली तक्रार बहुधा तेथे लिहून ठेवलेली असते. ती वाचणारा कोणी तरी हवा असतो.