टायमिंग बेल्ट : खूण बेल्टवर नाही, शाफ्टवर बघा



गेले दोन आठवडे नोंद टाकली नाही. गोडी छाटणी उरकली, पेस्ट लावून झाली, आणि फुटवा निघायच्या आत जे चार दिवस मिळतात त्यात गाडीचं एक काम काढलं. आज त्याचीच नोंद. द्राक्षाचा विषय नाही, तरी वाचा. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात जुनी कार उभी आहे, आणि तिच्या इंजिनात एक रबरी पट्टा आहे ज्याच्याकडे आपण कधी बघत नाही.

आपल्या पिढीनं इंजिन शिकलं ते विहिरीवरच्या 5 एचपीच्या डिझेल इंजिनावर. त्यात टायमिंगचं काम गिअर करतात. छोट्या गिअरच्या दात्यावर टिंब, मोठ्या गिअरच्या दात्यावर टिंब, टिंबाला टिंब जुळवलं की संपलं. बहुतेक ट्रॅक्टरलाही गिअरच असतात. एकदा बसवले की जन्मभर जागा सोडत नाहीत. म्हणून बेल्ट म्हणलं की आपल्या डोळ्यापुढं फॅनबेल्ट नाहीतर ब्लोअरचा व्ही-बेल्ट येतो. तुटला की दुसरा टाकू, एवढाच हिशोब.

टायमिंग बेल्टला हा हिशोब चालत नाही.

माझी गाडी 2013 सालची डस्टर, 1.6 पेट्रोल. चार वर्षांपूर्वी जुनी घेतली. इंजिनाला 4 सिलेंडर, 16 व्हॉल्व्ह आणि वरती दोन कॅमशाफ्ट. एक हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, दुसरा धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. खालचा क्रँक आणि वरचे हे दोन्ही शाफ्ट एकाच दातेरी बेल्टनं बांधलेले. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर. क्रँक दोन फेरे फिरला की कॅमशाफ्टनं बरोबर एक फेरा मारायचा. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर यायच्या आत त्यानं जागा सोडलीच पाहिजे. या इंजिनात बेल्ट तुटला की शाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन येऊन त्यांना धडकतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही मार बसतो. हेड उतरवल्याशिवाय गाडी चालू होत नाही.

आमच्या शेजारच्या गावात एकाची अशीच गाडी घाटात बंद पडली. बेल्टचे दाते निघून गेले होते. गॅरेजनं जो खर्च सांगितला तो जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर गेला. गाडी अजून गोठ्यामागं उभी आहे, बोनेटवर कोंबड्या बसतात.

आता मुद्दा किलोमीटरचा. माझी गाडी जेमतेम 58 हजार पळालेली. घरात सगळे म्हणले, एवढ्या कमी रनिंगला कशाला खर्च? पण कंपनीच्या पुस्तकात बेल्टला किलोमीटरही दिलेले असतात आणि वर्षंही, जे आधी भरेल ते खरं. शेतकऱ्याची गाडी पळते कमी, उभी राहते जास्त. आपले किलोमीटर कधी भरत नाहीत, वर्षं मात्र भरतात. फवारणी पंपाची नळी शेडमध्ये नुसती टांगून ठेवली तरी चार-पाच वर्षांत चिरा पडतात का नाही? रबर ते रबर. माझ्या गाडीचा बेल्ट बदलल्याची एकही पावती आधीच्या मालकाकडं नव्हती. म्हणजे दहा वर्षं उलटून गेलेला बेल्ट. त्यात आईला दर पंधरा दिवसांनी नाशिकला दवाखान्यात न्यावं लागतं, कधी रात्री-अपरात्री निघावं लागतं. मग ठरवलं, फुलोरा-डिपिंगच्या धावपळीच्या आधी हे काम काढायचं.

गावातल्या गॅरेजचा पोरगा हाताला चांगला आहे. आयटीआय केलेला, घाई नाही. त्याच्याकडं बेल्ट, टेन्शनर, दुसरी रोलर आणि पाण्याचा पंप असा सगळा संच आणून ठेवला. पंप बरा दिसत होता, पण त्याच बेल्टवर फिरणारा जुना पंप सहा महिन्यांनी गळाला तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. म्हणून तो सोबतच बदलायचा.

पोरगा म्हणाला, "काका, जुन्या बेल्टवर आणि पुलींवर व्हाइटनरच्या खुणा करतो. त्याच खुणा मोजून नव्यावर घेतो. तासाभराचं काम."

मी म्हणलं, "अरे, पण हा जुना बेल्ट बरोबर बसवलेला आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

तो थांबला. खरी गोष्ट तीच होती. जुना बेल्ट ताणलेला असेल, नाहीतर आधी कोणी एक दाता चुकवून बसवला असेल, तर व्हाइटनरची खूण ती चूक जशीच्या तशी नव्या बेल्टवर उतरवते. वाकड्या सरीला समांतर दुसरी सरी काढली तर तीही वाकडीच येणार. दोरी धरायची ती बांधाला.

या इंजिनात बांध कुठं आहे ते सांगतो. दोन्ही कॅमशाफ्टच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, एकेक खाच असते. हेडच्या बाजूला दोन झाकणं दिसतात, ती फोडून काढली की खाचा दिसतात. झाकणं पुन्हा वापरायची नाहीत, नवी दोन आणून ठेवायची. ही खाच शाफ्टच्या बरोबर मधोमध नसते, एका अंगाला सरकलेली असते. त्यात मोठी अक्कल आहे. क्रँकच्या दर फेऱ्याला पिस्टन वर येतो, पण कॅमशाफ्ट तेव्हा अर्धाच फेरा फिरलेला असतो. खाच मधोमध असती तर सुलट कोणतं आणि उलट कोणतं, कळलंच नसतं. आता दोन्ही खाचा आडव्या आणि मधल्या रेषेच्या खाली दिसल्या की बरोबर. वरच्या अंगाला दिसल्या तर क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवायचा.

क्रँकचीही तशीच सोय आहे. ब्लॉकला एक बूच असतं. ते काढून तिथं टायमिंगची पिन आटायची आणि क्रँक हळूच घड्याळाच्या दिशेनं फिरवून पिनेला टेकवायचा. पिन योग्य जागी टेकली पाहिजे, क्रँकच्या दुसऱ्या एखाद्या भोकात शिरून फसवणूक नको. मग दोन्ही खाचांत घट्ट बसेल अशी एकच सपाट पोलादी पट्टी सरकवायची. पट्टी सरळ आत गेली म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत. पोरानं ही पट्टी लेथवर घासून घेतली. त्यात एक दिवस गेला. जाऊ दे म्हणलं.

पट्टी का लागते? बेल्ट काढला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा शाफ्टला ढकलतात. हात लावला नाही तरी शाफ्ट टपकन फिरू शकतो. दोन शाफ्ट असले की एक जागेवर आणि एक फिरलेला, असं होतं. पण एक लक्षात ठेवा. पट्टी आणि पिन फक्त जागा दाखवायला आहेत. क्रँकचा मोठा बोल्ट सोडवताना किंवा आवळताना त्यांच्यावर जोर द्यायचा नाही. त्यासाठी फ्लायव्हील वेगळं अडवायचं.

आता या इंजिनाची सगळ्यात फसवी जागा. क्रँकवरची दातेरी पुली चावीनं अडकवलेली नसते. ती फक्त बोल्टच्या दाबावर धरून राहते. म्हणून शाफ्टचं टोक, पुलीचं भोक आणि टेकणाऱ्या बाजू तेलाचा अंश राहणार नाही इतक्या पुसाव्या लागतात. तिथं ग्रीसचं बोट लागलं तर सगळं टायमिंग जुळवूनही पुली पुढं कधीतरी सरकते, आणि मग व्हॉल्व्ह-पिस्टनची गाठ पडतेच. आपल्याला सवय असते, लोखंड बसवताना थोडं ऑइल लावायचं. इथं ती सवय घरी ठेवायची. बोल्टही अंदाजानं आवळायचा नाही, टॉर्क पाना लावून पुस्तकातल्या मापानंच.

एका दात्यानं काय होतं, असं पोराच्या मदतनीसानं विचारलं. हिशोब सोपा आहे. समजा कॅमच्या पुलीला 40 दाते आहेत. 360 भागिले 40 म्हणजे एका दात्याला 9 अंश. पण कॅमचे 9 म्हणजे क्रँकचे 18 अंश. छाटणीनंतर दिवस मोजून डिपिंग करणाऱ्याला हे सांगायला नको. औषध तेच, माप तेच, पण अवस्था हुकली की मणी हाती येत नाही. एक दाता हुकलेली गाडी कदाचित चालू होईल, पण खडखडेल, ओढणार नाही, पेट्रोल खाईल. जास्त दाते हुकले तर व्हॉल्व्ह धडकतील.

बेल्ट चढवताना ओढीची बाजू ताठ ठेवून जी ढिलाई उरेल ती टेन्शनरच्या बाजूला आणली. टेन्शनरचा काटा त्याच्या खुणेवर जुळवला. मग पिन काढली, पट्टी काढली, आणि प्लग काढलेले असतानाच पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे मारले. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांनी कॅमशाफ्ट एक फेरा करून पहिल्या जागी येतात. फिरवताना कुठं टणक अडकलं तर जोर लावायचा नाही, थांबून बघायचं. सेल्फ मारून "चालू होते का बघू" हा प्रकार इथं करायचाच नाही. हाताला अडथळा कळतो, सेल्फला कळत नाही.

दोन फेऱ्यांनंतर पिन परत टेकवली. पट्टी घातली, तर अर्ध्यात अडली. पोरगा म्हणाला, "काका, केसभराचा फरक आहे, चालतं."

मी म्हणलं, "बाळा, केसभर असेल तर परत एकदा करू. आईला या गाडीतून न्यायचं आहे."

त्यानं न कुरकुरता सगळं परत सोडवलं. धूर सोडणाऱ्या शाफ्टच्या पुलीवर बेल्ट एक दाता मागं बसला होता. खुणांच्या भरवशावर राहिलो असतो तर तो दाता आत तसाच राहिला असता. दुसऱ्या वेळी दोन फेऱ्यांनंतर पट्टी बोटानं ढकलली तशी आत गेली. मगच झाकणं बसवली, प्लग लावले, पाणी भरलं आणि सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात चालू, आवाज शिलाई मशीनसारखा.

प्रत्येक इंजिनाची रीत वेगळी असते. कुठं पुलीवर खूण असते, कुठं भोकात पिन घालतात, कुठं बेल्टऐवजी चेन असते. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी तिच्या पुस्तकातून काढा. पण तीन गोष्टी सगळीकडं चालतील. वर्षं मोजा. खुणा कंपनीनं शाफ्टला किंवा पुलीला दिलेल्याच धरा. आणि हातानं दोन फेरे मारून पुन्हा तपासल्याशिवाय सेल्फला हात लावू देऊ नका.

फवारणीच्या वहीत जशी तारीख, औषध आणि प्रमाण लिहितो, तसं बोनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून तारीख आणि किलोमीटर लिहिले आहेत. उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला विचारत बसावं लागणार नाही. तुमच्या गाडीत असा कागद नसेल, तर बेल्ट कधी बदलला हे कोणालाच माहीत नाही असं धरून चाला.