आईचं तिकीट माफ

२०२३ च्या जूनमध्ये आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. कागदोपत्री, म्हणजे. तिची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी ठोकून दिलेली १ जून. तिच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच असते. एसटीला तेवढी पुरते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झालीय. मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा ती जागची हलली नव्हती. "अर्ध्यात काय अर्थ न्हाई," म्हणाली.

आई सांगलीजवळ हरिपूरला भावाकडे असते, मी साताऱ्यात. मध्ये आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड. पूर्वी तिला आणायला कुणीतरी जायचं. त्या पावसाळ्यात ती एकटीच, न कळवता दारात उभी राहिली.

यायचं कारण नेहमी नातवंडंच. मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. हे एमआयडीसीत पाळीला. संध्याकाळी घरात मोठं माणूस लागायचं, ते काम आईचं. आता थोरला अकरावीत, धाकटी आठवीत, दोघांच्या दप्तरात घराची किल्ली. आईने शिरा पुढे केला, तर धाकटी चपला घालता घालता म्हणाली, "आजी, क्लास आहे गं, आल्यावर खाते." आई ताटलीवर ताटली झाकून बसली. मग तिने माझे डबे घासले, मांडणी लावली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुझ्या त्या दुकानदारांस्नी हळद लागती का गं?"

माझंही काम तेव्हा आटत चाललं होतं. मोती चौकापासून राजवाड्यापर्यंतची दुकानं माझ्याकडे. पूर्वी संध्याकाळी गेलं की दुकानदार गल्ला उघडून शंभर-दोनशे काढून द्यायचे. आता गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे देतं. गल्ल्यात नोटाच नसतात. "ताई, उद्या या," हे उद्या-उद्या करत खाती बंद होतात. माझं कमिशन जमेवर, पगार नाहीच.

हळदीमागे आईचा वेगळाच सल होता. भावाने एप्रिलमध्ये सगळा माल सांगलीच्या मार्केट यार्डात घातला आणि पावसाळ्यात भाव चढत गेला. त्यालाही नड होती, थांबणार कसा? पण आईच्या डोक्यात पेव. वडिलांच्या वेळी हळद पेवात असायची. हरिपूरच्या जमिनीत विहिरीएवढं खोल, अरुंद तोंडाचं पेव खणायचं, हळकुंडं भरून तोंड लिंपून टाकायचं. कीड नाही, घाई नाही. भाव येईल तेव्हा काढा. पेव उघडलं की आधी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचे. विझला, तर आत हवा नाही, कुणी उतरायचं नाही. काठावर पालथं पडून तो कंदील बघायला आम्हाला सक्त मनाई, म्हणून आम्ही बघायचोच. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. आमचं त्यातच गेलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आई म्हणाली होती, "नाव झालं, ठेवायचं कुठं?"

तर घरी ठेवलेली थोडी हळकुंडं दळून ती साताऱ्याला यायला लागली. पहिल्याच खेपेला कंडक्टरने पिशवी उचलून बघितली. "आजी, तुमचं तिकीट माफ. ह्या पोत्याचं न्हाई." त्यानंतर ती बरोब्बर फुकटात बसेल एवढंच वजन आणायची, हरिपूरच्या किराणा दुकानात तोलून घ्यायची.

सांगलीला वालचंदमध्ये शिकणाऱ्या भाचीने अन्नपरवान्याची नोंदणी करून दिली. ह्यांच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या. हे संध्याकाळी पाव किलोच्या पिशव्या सील करतात. थोरल्याने लेबल केलं, त्यावर आजीचा फोटो टाकला, तो आजीने काढायला लावला. मी पिग्मीच्याच फेरीत पिशव्या देते. पैसे मात्र दुकानदार मोबाईलवरच देतात, ते एक बरं.

दिवाळीच्या तोंडावर मिरजेला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. भाची म्हणाली, आता कुरियरने पाठवू. आई काळ्या चष्म्याआडून म्हणाली, "कुरियर फुकट नेतंय व्हय?"

शेवटी धाकटी सुट्टीत हरिपूरला गेली आणि येताना एकटीने पिशवी घेऊन आली. मी आष्ट्यापासून दर स्टँडला फोन करत होते. कराडपुढे तिने उचलणं बंद केलं. पोवई नाक्यावर मी झापलं, तर म्हणाली, "अगं, कंडक्टरकाकांशी सामानाचं भांडत होते."

तिचं अर्धं तिकीट आणि पिशवीचा आकार हा खर्च कुणाचा, यावरून दोन्ही घरांत वाद आहे. भाऊ म्हणतो, विकणाऱ्याचा. मी म्हणते, पिकवणाऱ्याचा. आईने तो खर्च वहीत 'दळण' या खात्यावर टाकलाय आणि पुढच्या खेपेला धाकटीने पिशवी तोलून घ्यावी, असा निरोप दिलाय.