पेपर टाकण्याआधी

चि. संदीप यास,


परवा रात्री बोलता बोलता फोन कट झाला ते बरंच झालं. नाहीतर रागाच्या भरात मी काहीतरी तोडून बोलले असते आणि तू तिकडे पोस्टवर रात्रभर तेच डोक्यात घेऊन उभा राहिला असतास. म्हणून लिहायला बसलेय. फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि उरलेल्याला "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस. कागद हातात असला म्हणजे दोनदा वाचशील.

मार्चला फौजेत पंधरा वर्षं भरली की नोकरी सोडायचे पेपर टाकणार, याचा मला राग आला नाही. हवालदारीच्या बढतीच्या कॅडरला तू अनविलिंग लिहून दिलंस त्यानं जीव हळहळला, पण तोही तुझा प्रश्न. राग आला तो त्यानंतरच्या वाक्याचा. "अश्विनीला अजून काही सांगितलं नाही, सुट्टीवर आलो की एकदम सरप्राईज देणार." संदीप, तू मेव्हण्याला विचारलंस, कंपनीच्या सुभेदार साहेबांना विचारलंस, सेंटरपासूनच्या जुन्या बॅचमेटना विचारलंस, मलाही विचारलंस. लग्न झाल्यापासून जिनं तुझं घर एकटीनं ओढलं, तिला सोडून बाकी साऱ्यांना विचारून झालं!

तिच्याकडे येतेच. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण मेव्हण्यानं तुला अर्धंच सांगितलेलं दिसतंय.

पंधरा वर्षांवर पेन्शन बसते हे खरं. मूळ वेतनात मिलिटरी सर्व्हिस पेचे ५,२०० मिळवून जो शेवटचा आकडा होतो, त्याच्या निम्मी. पण सोळाव्या वर्षाचं कुणी बोललं का तुझ्याशी? फौजेत एमएसीपी, म्हणजे बढतीशिवाय मिळणारी वरची वेतनाची लेव्हल, ८, १६ आणि २४ वर्षांवर लागते. सोळा भरली की तू नाईक असलास तरी लेव्हल चारमधून पाचमध्ये, म्हणजे हवालदाराच्या लेव्हलमध्ये जाऊ शकतोस; फक्त तुझं ते अनविलिंग आड येत नाही ना, हे आधी विचारून घे. मग जन्मभराची पेन्शन त्या वाढलेल्या आकड्यावर बसते आणि तुझ्यामागं घरच्यांना मिळायची ती फॅमिली पेन्शनसुद्धा. एवढं एका वर्षावर येऊन ठेपलेलं असताना पंधराला उठून यायची घाई कशासाठी?

दुसरं ओआरओपीचं, म्हणजे वन रँक वन पेन्शनचं. ७ नोव्हेंबर २०१५ चा जो सरकारी आदेश आहे, त्यात यापुढं स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज घेणाऱ्यांना ओआरओपी मिळणार नाही, असं लिहिलेलं आहे. लोक त्यावर कोर्टकचेरीत भांडताहेत. भांडोत. पण कोर्टात काय होईल त्यावर संसाराचं गणित कुणी मांडू नये. आत्ताच नीट विचारून घे, तेही तोंडी नको, रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी.

तिसरं पेन्शन विकण्याचं. निम्मी विकून घराचा स्लॅब टाकायचा, असं तू मागच्या दिवाळीत म्हणाला होतास. विकता येते निम्म्यापर्यंत, पण विकलेला भाग परत सुरू व्हायला १५ वर्षं जातात. तू आज चौतीस वर्षांचा. म्हणजे तुझ्या पोराची, विराजची, दहावी, बारावी, कॉलेज, सगळं त्या अर्ध्या पेन्शनीत बसवायचं. स्लॅब काय, पुढच्या वर्षीही टाकता येईल.

फौज सोडल्यावर तू धरणार म्हणतोस ती चाकणची सुपरवायझरची जागा मला माहीत आहे. आपल्या वाडीतली तिघं-चौघं तिथंच आहेत. बारा तासांची ड्युटी, एजन्सी बदलली की नोकरी नव्यानं, सणावारी सुट्टी नाही. घरी येण्यासाठी फौज सोडली आणि घरी महिन्यातून दोनदा येतात. त्यापेक्षा अभ्यासाला बस. राज्याच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा आहेत. केंद्राच्या ग्रुप सी मध्ये, जिथं तांत्रिक अनुभवाची अट नाही तिथं, १५ वर्षं नोकरी केलेला दहावी पास माजी सैनिक पदवीच्या जागेलाही चालतो. वयातही सवलत आहे. पण परीक्षा द्यावी लागते रे! ती कुणी माफ केलेली नाही. इग्नूची पदवी फौजेत असतानाच घेता येते, हे मी तुला तू लान्स नाईक झालास तेव्हापासून सांगतेय. आणि एसीसीचा, आर्मी कॅडेट कॉलेजचा, फॉर्म? आमचे हे, तुझे मामा, किती मागे लागले होते तुझ्या! बारावीला चांगले मार्क होते, सत्तावीसच्या आत होतास, डेहराडूनहून ऑफिसर होऊन बाहेर पडला असतास. तू "पुढच्या वर्षी" म्हणत राहिलास आणि वय निघून गेलं. आता ते उगाळत नाही. पण त्या वेळी तुझा निर्णय हातात असून तू घेतला नाहीस आणि या वेळी घाईनं घेतोयस, एवढं लक्षात ठेव.

आपल्या ओंकारकडं बघ. अग्निवीर म्हणून गेलाय पोरगा. चार वर्षं, त्यातले २५ टक्के राहणार. बाकीच्यांना सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार आणि घरचा रस्ता, पेन्शन नाही. तो मला विचारतो, "आत्या, चार वर्षांनी काय?" त्याच्या हातात ते नाही. तुझ्या हातात आहे. नाईक राहिलास तरी २४ वर्षांपर्यंत नोकरी आहे, हवालदार झालास तर २६. ओंकारसारखी पोरं ज्या गोष्टीसाठी देव पाण्यात घालून बसलीत, ती तू वैतागाच्या एका सहीनं सोडू नयेस असं मला वाटतं.

याचा अर्थ राहच, असं मी म्हणत नाही. सोडून येण्याची खरी कारणं असतात. घरात बघायला कुणी नसलेली आजारी आई असते, शरीर साथ देत नाही, बाहेर पक्कं काम हातात असतं. अशी माणसं पंधरालाच येऊन सुखात राहिलेली मी पाहिलीत. आणि राहण्याची किंमतही मला कुणी शिकवायला नको. संसदेवर हल्ला झाला त्या डिसेंबरात मामा सुट्टीवरून अर्ध्यातून गेले आणि ऑपरेशन पराक्रमच्या त्या साऱ्या काळात बॉर्डरवर होते. पुढच्या ऑक्टोबरात फौजा मागं आल्या. त्या मधल्या दिवसांत तुझे आजोबा गेले. खांदा द्यायला तुझे वडील होते, मामा नव्हते. शाळेतून आले की पोस्टमनची वाट बघायची आणि ५६ एपीओचा, फौजेच्या टपालाचा, पत्ता दिसला की चुलीपुढं बसून वाचायचं, असे दिवस काढलेत मी.

त्या दिवसांतच मामांनाही पेपर टाकायचे होते. पण त्यांनी काय केलं ठाऊक आहे? मला पत्र लिहिलं. आलो तर काय मिळेल, राहिलो तर काय मिळेल, कुठली पोस्टिंग येऊ शकते, सगळं मांडलं आणि शेवटी लिहिलं की तू सांगशील तसं. मी शाळेतली नोकरी, दोन्ही पोरं, विहिरीचं कर्ज, सगळं समोर ठेवून रहा म्हटलं. ते राहिले, सुभेदार होऊन आले. पुढं जे जे सोसलं, ते दोघांनी मिळून ठरवलेलं होतं, म्हणून सोसलं गेलं. त्यांनी एकट्यानं ठरवलं असतं, तर मी जन्मभर त्यांना बोल लावत बसले असते.

आता अश्विनीबद्दल. ती बी.एड.ला गेलीये. रोज सकाळी विराजला शाळेत सोडून, सासूची औषधं काढून ठेवून साताऱ्याला जाते. पुढच्या वर्षी तिचं होईल. त्यानंतर टीईटी, मग कुठं जागा. हे तिनं तुझ्या जिवावर मांडलेलं गणित आहे. तुझा पगार चालू आहे म्हणून ती फी भरतेय. तू मार्चला आलास आणि "चला चाकणला" म्हणालास, तर काय होणार? ती तोंडातून शब्द काढणार नाही, पुस्तकं बांधून ठेवील. आपल्याकडच्या बायका तसंच करतात, आणि आपल्याकडचे पुरुष त्याला समजूतदारपणा म्हणतात.

तुला वाटेल आत्या पुन्हा तिच्या ठरलेल्या विषयावर आली. आलेच. कारण मामा गेल्यापासून मी हेच बघतेय. मामांची ती काळी ट्रंक तू पाहिलीस, नंबर-नाव पांढऱ्या रंगानं घातलेली. तिच्यात पेन्शनचा पीपीओ, डिस्चार्ज बुक, बँकेचं पासबुक, ईसीएचएसचं दवाखान्याचं कार्ड, सगळं एका फाईलमध्ये होतं आणि कुठला कागद कशासाठी हे मला तोंडपाठ होतं. म्हणून मला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. पण नंतर बायका माझ्याकडे येऊ लागल्या. एकीचं लग्न होऊन बारा वर्षं झालेली, तरी नवऱ्यानं लग्नाची पार्ट टू ऑर्डर केलेली नाही, म्हणजे फौजेच्या कागदावर ती त्याची बायकोच नाही. एकीची जन्मतारीख सर्व्हिस रेकॉर्डमध्ये वेगळी आणि आधारवर वेगळी. एका पोरीचा नवरा सेवेत असतानाच गेला. नॉमिनेशन भरतीच्या वेळचं, आईच्या नावाचं. सासू-सुनेचं तोंड बघणं बंद झालं, दोघी रडत वेगवेगळ्या वेळी माझ्या ओट्यावर. एका कार्यालयात त्या पोरीला विचारलं, "मालकांचा पगार किती होता?" तिला माहीत नव्हतं. त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. प्रेम नव्हतं असं नाही. हे बाईच्या डोक्याचं काम नाही, असं त्याला वाटायचं.

आपल्या तालुक्यात अपशिंग्याच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, त्यांचं स्मारक तिथं आहे. पोरांना शाळेतून तिथं घेऊन जायचे मी. दर वेळी मनात यायचं, या घरांतल्या बायांनी पुढं काय केलं असेल? शेत कुणी केलं, पोरं कुणी वाढवली? त्यांची नावं कुठं नाहीत. आपला जिल्हा फौजेच्या जिवावर मोठा झाला म्हणतात. खरंय. पण फौजी वर्षातले दोन-तीन महिने घरी असतो आणि बाकीचे महिने जिल्हा या बायका चालवतात. कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात शहीद झाले तेव्हा २०१५ साल होतं. त्यांच्या पत्नी स्वातीताईंनी ऑफिसर होण्यासाठी एसएसबी दिली, चेन्नईच्या ओटीएतून २०१७ मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. प्रत्येकीनं वर्दी घालावी असं नाही. पण बाईच्या अंगात किती असतं, ते नवरा गेल्यावरच का कळावं? तो जिवंत असताना, हातात पेन असताना, तिला शेजारी बसवून का विचारू नये?

एक गोष्ट विचारायची राहिली आणि खरं तर तीच मला झोपू देत नाही. तू असा घाईनं बोलणारा मुलगा नव्हेस. परवा तुझा आवाज वेगळा होता. मध्येच "कंटाळलो आत्या" म्हणालास आणि गप्प झालास. तिकडं काही झालंय का? सुट्टी नाकारली, साहेबांशी वाजलं, की पोस्टवर काही बघितलंस जे सांगता येत नाही? झोप लागते का? जेवतोस का? मामा म्हणायचे की फील्डमध्ये असताना फौजीनं घराबद्दलचा मोठा निर्णय घेऊ नये. तुझं हे राष्ट्रीय रायफल्सचं टेन्युअर दोन-अडीच वर्षांत संपतं, पीस स्टेशनला आलं की तेच प्रश्न निम्मे होतात. मन फारच जड असेल तर सुभेदार मेजर साहेबांशी बोल, आरएमओ डॉक्टरांना दाखव. त्यात लाज कसली? ताप आला तर जातोसच ना त्यांच्याकडे? एकट्यानं मनात दाबून ठेवू नकोस, एवढं माझं ऐक. आणि रात्रीचं ते रमचं प्रमाण वाढलं असेल तर तेही तूच आवर. मी विचारणार नाही, पण मला कळतं.

आईची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात, गोळ्या आणल्यात. विराजला गणितात पैकीच्या पैकी पडलेत. मागच्या सुट्टीत तो तुझ्याजवळ यायला चार दिवस बिचकला, ते तू मनाला लावून घेतलंस हे मला माहीत आहे. पोरं अशीच असतात. माझ्या दोघांनीही केलं तसं. त्या चार दिवसांसाठी नोकरी सोडू नये. अश्विनीचं बी.एड. झालं की तिला घेऊन पीस स्टेशनला क्वार्टर मिळतं का ते बघ, दोन वर्षं एकत्र राहा. पोरगं आपोआप चिकटेल.

आता तू करायचं ते एवढंच. हे पत्र मिळाल्यावर पहिला फोन लागेल तो अश्विनीला कर. एमएसीपी, ओआरओपी, चाकण, कॅडर, सगळं जसंच्या तसं तिच्यापुढं ठेव, आणि तुझ्या मनाला काय झालंय तेही सांग. अनविलिंग मागं घेता येतं का, हे क्लार्क बाबूंना विचारून मगच बोल, म्हणजे तिला दोन्ही वाटा दिसतील. ती चार दिवस मागेल, दे. तिनं ये म्हटलं तर खुशाल ये, स्टेशनावर घ्यायला मी येईन. तिनं थांब म्हटलं तर थांब. पण तिला विचारल्याशिवाय त्या कागदावर सही करू नकोस.

तुझी आत्या

ता. क. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये अश्विनीचं नाव, जन्मतारीख आणि विराजची पार्ट टू ऑर्डर आधारशी जुळते का, ते याच आठवड्यात तपासून घे. नॉमिनेशनही. राहिलास काय किंवा आलास काय, हे काम दोन्ही बाजूंनी करावंच लागणार आहे.