पायाचे वर्ष

विलायतेत एक सोय आहे. तिचे नाव ‘फाउंडेशन इयर’. आपण मराठीत ‘पायाचे वर्ष’ म्हणू या. इंग्लंडातली मुले सोळाव्या वर्षी विषय निवडतात, बहुधा तीनच, आणि दोन वर्षांनी त्यांची ‘ए लेव्हल’ची परीक्षा देतात. समजा, एखाद्या मुलाने इतिहास, चित्रकला आणि समाजशास्त्र घेतले आणि अठराव्या वर्षी त्याच्या मनाने घेतले की आपल्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचे आहे, तर काय करायचे? तिथली काही विद्यापीठे त्याला म्हणतात, ये. तीन वर्षांची पदवी तू चार वर्षांत कर. पेशी म्हणजे काय, मोल म्हणजे काय, लॉगॅरिथम कशाशी खातात, प्रयोगशाळेत काचेची नळी कशी धरायची, हे सगळे पहिल्या वर्षी आम्ही तुला शिकवू. ते वर्ष पार पडले की थेट पदवीच्या वर्गात जाऊन बस.

हे वाचले तेव्हा मला त्या विद्यापीठांच्या इमारतींचे किंवा ग्रंथालयांचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या ‘ये’ या एका शब्दाचे.

प्रस्तुत लेखक द्वितीय वर्ष कला शाखेत इतिहास विषय घेऊन शिकतो. या गृहस्थाचा सूक्ष्मजंतूंशी काय संबंध, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. संबंध दुधातून आला.

आमच्या घरी दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. दुधाचा कॅन संकलन केंद्रावर पोचवण्याचे काम सातवीपासून माझ्याकडे होते. संध्याकाळची गाडी आमच्या वाडीवर येत नसे, त्यामुळे रात्रीचे दूध सकाळच्या दुधाबरोबर जाई. उन्हाळ्यात केंद्रावरचा माणूस चमचाभर दूध नळीत घेऊन उकळून बघायचा, आणि ते फाटले की कॅन परत! मग घरी खटला उभा राही. अण्णा कॅनला दोष देत, आई कॅन घासणाऱ्याला, म्हणजे मला, आणि आजी म्हणे, कुणाची तरी नजर लागली. गंमत अशी की तीच आजी रोज रात्री कोमट दुधात बोट बुडवून ऊब पाही, विरजण घाली आणि थंडीच्या दिवसांत गाडगे घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवी. तिथे मात्र नजर वगैरे काही नसे. दही ‘लागते’ आणि दूध ‘नासते’ असे आपली भाषा म्हणते. ही दोन्ही कामे करणारे जीव बरेचसे एकाच गोत्रातले असतात, हे मला आठवीच्या पुस्तकात कळले. दुधातल्या साखरेचे ते आम्ल करतात, आम्ल वाढले की दुधातले प्रथिन गोठते. आजीने बोलावले तर दही, न बोलावता आले तर नुकसान.

ते जीव एकदा डोळ्यांनी पाहावेत अशी फार इच्छा होती. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता. तो काचेच्या कपाटात, लग्नात आलेल्या चांदीच्या भांड्यासारखा. तपासणीला साहेब यायचे तेव्हा तेवढा पुसला जाई.

दहावीला मला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. गावच्या उच्च माध्यमिकला फक्त कला शाखा. विज्ञानासाठी तालुक्याला, चोवीस किलोमीटरवर जावे लागे. अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत, आईचे चौथीपर्यंत. शाखा म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते; पण एस्.टी.चे वेळापत्रक सगळ्यांना पाठ होते. अण्णा म्हणाले, “आरं, तुझं प्रॅक्टिकल पाचला सुटनार आन् शेवटची गाडी साडेचारला. मग काय चालत येनार का?” वसतिगृहाचा खर्च तेव्हा परवडणारा नव्हता. पाच मिनिटांत निकाल लागला. तुझी शाखा कोणी निवडली, असे कोणी विचारले तर मी आगारप्रमुखांकडे बोट दाखवतो.

इतिहासाबद्दल माझी तक्रार नाही, हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर आमचे सर मला वर्गात उभे करतील. इतिहास मला आवडतो. पण एक आवडते म्हणून दुसरे आवडायचे थांबत नाही.

२०२४ साली आमची तुकडी प्रथम वर्षाला आली आणि नवे शैक्षणिक धोरणही आमच्याबरोबरच वर्गात आले. त्यात प्रत्येकाने दुसऱ्या विद्याशाखेतला एक खुला विषय घ्यायचा असतो. दोन श्रेयांकांचा का होईना, मी सूक्ष्मजीवशास्त्राचा घेतला. आपल्या संस्थेचे विज्ञान महाविद्यालय पटांगणापलीकडेच आहे. तिकडच्या मॅडम शिकवायला येत. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक हिशोब मांडला. अनुकूल ऊब मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणजे तासाला तीनदा, सात तासांत एकवीस वेळा. एका जिवाणूपासून सात तासांत वीस लाख सत्त्याण्णव हजार एकशे बावन्न! मी वहीत पुन्हा गुणाकार करून पाहिला. रात्री नऊला झाकलेला कॅन पहाटे चारला कसा असेल, ते कळले. दूध चार अंशांवर थंड ठेवले की यांची वाढ जवळजवळ थांबते, हेही कळले. सातवी ते दहावी मी जो कॅन घासत होतो त्यात खोट नव्हती. वाडीवर दूध थंड करायची सोय नव्हती.

सत्राच्या शेवटी मॅडमनी आम्हांला दोन दिवस त्यांच्या प्रयोगशाळेत नेले. ग्रॅम नावाच्या डेन्मार्कच्या डॉक्टराने १८८४ साली सांगितलेली रंगवण्याची रीत आहे. काचेवर थेंब पसरायचा, वाळवून आचेवरून फिरवायचा, मग जांभळा रंग, आयोडिन, अल्कोहोल आणि शेवटी तांबडा रंग. कुणी जांभळे राहतात, कुणी तांबडे होतात, आणि त्यावरून त्यांची घराणी ठरतात. मी घरचे दही डबीत घालून नेले होते. भिंगाला तेलाचा थेंब लावून हजारपट मोठे करून पाहिले. जांभळ्या काड्या आणि जांभळ्या मण्यांच्या माळा! ही आजीची मंडळी. मी इतका वेळ डोळा लावून बसलो की मागच्या मुलीने शेवटी खांद्यावर टकटक केले.

त्याच मॅडमनी फॅनी हेसची गोष्ट सांगितली. जर्मनीत रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळे, आणि काही जंतू तर तेच खाऊन टाकत. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसची ही बायको. १८८१ साली तिने सुचवले, मी जेली करायला अगार वापरते, ते घालून पाहा. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते माहीत झाले होते. आपल्याकडे दुकानात जे चायना ग्रास मिळते तेच हे. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू याच चायना ग्रासवर वाढतात. फॅनी हेसकडे पदवी नव्हती. त्याआधी दोनशे वर्षे हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. त्याला लॅटिन येत नव्हते. त्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून हे जीव पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या डच भाषेत पत्र लिहून कळवले.

या गोष्टी ऐकून आम्हां कलावाल्यांना फार बरे वाटते. मलाही वाटले. पण खरे सांगायचे तर त्या बरे वाटण्यावर माझा विश्वास नाही. आज रसायनशास्त्र आल्याशिवाय या विषयात पाऊलही टाकता येत नाही. लेव्हेनहूकचे नाव सांगून मला कोणी बी.एस्सी.ला घेणार नाही, आणि घेऊही नये. मला दार उघडे नको आहे, पायरी हवी आहे.

मी मॅडमना विचारलेच. त्या म्हणाल्या, “बारावी विज्ञान लागते. तुम्हांला अकरावीपासून पुन्हा करावे लागेल.” म्हणजे ती दोन वर्षे आणि पुढची तीन. उलट बाजूचा रस्ता बघा. बारावी विज्ञान झालेला मुलगा उद्या इतिहासात बी.ए. करू शकतो, आमच्या वर्गात असे तिघे आहेत आणि त्यांना कोणी पायाचे वर्ष करायला सांगितले नाही. पूल एकच आहे आणि त्यावरची वाहतूक एकेरी आहे. कला आणि विज्ञान यांत कडक भिंती नसाव्यात असे २०२० च्या धोरणात लिहिले आहे. भिंतीला एक खिडकी पडली, त्यातून मी दही बघितले, हे मी नाकारत नाही.

पूर्वतयारी ही कल्पना आपल्याला नवी आहे असेही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले, आणि ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांना त्याने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम देऊन पदवीपर्यंत नेले. आमच्या गावातल्या एका अंगणवाडीताईंनी असेच बी.ए. केले. पण ती वाट कला-वाणिज्याकडे जाई, प्रयोगशाळेकडे नाही.

विलायतेत सगळे सोन्याचे आहे असेही समजू नये. तिथे २०१९ साली एका सरकारी समितीने या वर्षाला मिळणारा कर्जाचा आधारच काढून घ्या, अशी शिफारस केली. ती तशीच्या तशी मानली गेली नाही. पण २०२५ पासून नुसत्या वर्गात शिकवायच्या विषयांसाठी या वर्षाची फी तिथल्या विद्यार्थ्यांना ५,७६० पौंडांवर आणली. प्रयोगशाळेच्या विषयांना मात्र त्या वर्षी ९,५३५ पौंडच होती. परदेशी विद्यार्थ्याच्या फीविषयी न बोललेले बरे. आमच्या तिन्ही जनावरांसकट गोठा विकला तरी विमानाचे तिकीट निघणार नाही. तेव्हा मी काही तिकडे निघालेलो नाही. पटांगण ओलांडता आले तरी पुष्कळ.

आता घरची गोष्ट. माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. गणितात ती माझ्यापेक्षा बरी आहे आणि तिला विज्ञानाला जायचे आहे. वाडी तीच, प्रॅक्टिकल पाचला सुटते तेच, आणि शेवटची गाडीही साडेचारचीच. मुलींना बारावीपर्यंत एस्.टी.चा प्रवास मोफत आहे हे खरे. पण गाडीच नसेल तेव्हा पासावर बसून कसे येणार? मी अण्णांपुढे एक तोड मांडली आहे. आता मी इथे वसतिगृहात राहतो. आमचे तास एकला संपतात. मला दुपारची गाडी सहज मिळते. मी रोज ये-जा करीन, आणि माझ्या वसतिगृहाच्या पैशांत ती मुलींच्या वसतिगृहात राहील. अभ्यासाचे तीन तास जातील, ते मी गाडीत भरून काढीन. आई लगेच हो म्हणाली. अण्णा म्हणाले, “बघू.” अण्णांचे ‘बघू’ म्हणजे नाही नव्हे, एवढे मला ठाऊक आहे.

राहता राहिलो मी. प्राध्यापकवर्गाला एकच सुचवतो: उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे, आमच्यासारख्या दहा-पंधरा जणांसाठी रसायन आणि गणिताचा एक वर्ग काढा. त्याला श्रेयांक नसले तरी चालतील. तोवर माझे मी सुरू केले आहे. गावचा एक मित्र पलीकडे बी.एस्सी.ला आहे, त्याचे अकरावीचे रसायनशास्त्राचे जुने पुस्तक मी आणले आहे. गुरुवारी त्याचे प्रॅक्टिकल दोनला लागते, तोपर्यंतचा तास तो मला कँटीनमध्ये देतो. सध्या आम्ही मोलवर अडलो आहोत. ६०२२ वर वीस शून्ये! ही संख्या नेमकी हीच का, असे मी विचारले तर तो म्हणाला, “अरे, आम्हांला ते कधी कोणी सांगितलंच नाही.” दोघांनी मिळून मॅडमना विचारायचे ठरले आहे.