टेस्टचं बटण

आमच्या मीटरच्या बोर्डाखाली एक पेटी आहे. तिच्यावर लहानसं बटण आणि शेजारी इंग्रजी टी. ते दाबलं की घरातली सगळी लाइट जाते. कुठे करंट गळाला तर माणूस चिकटण्याआधी वीज तोडणारी ही पेटी. ती खरंच तोडते का, हे बघायची सोय म्हणजे ते बटण. दर महिन्याच्या एक तारखेला मी ते दाबते. घरचे वैतागतात. "परत काय ग हे, सीरियल चालू हाय की!" पण तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या बाईचा न तपासलेल्या वस्तूवर विश्वास बसत नाही. माझी आई पाणी गाळायचं फडकं उजेडात धरून बघायची, धागा विरलाय का म्हणून. मी तिचीच लेक.

म्हणून भाची जेव्हा म्हणाली, "मावशी, ह्यात किल स्विच आहे, काळजी नको," तेव्हा मी पहिलं विचारलं ते हेच. "दाबून बघितलंस का?"

ती जूनच्या पावसात पुण्याहून आली, एका बॅगेनिशी. का आली ते इथं लिहीत नाही. तिच्या कोपरावर जे होतं ते मी बघितलं, एवढं पुरे. तिच्या सासरशी माझं कधीच पटलं नव्हतं, लग्नालाही मी गेले नव्हते, त्यामुळे नवरा तिला मुंबईत मैत्रिणींकडे शोधत होता. बेळगाव त्याच्या डोक्यातच नव्हतं. ते तसंच राहायला हवं होतं.

अडचण कागदपत्रांची होती. डिग्रीची सर्टिफिकेटं, दागिन्यांची बिलं, तिच्या पगाराचे कागद, सगळं स्कॅन करून ठेवलेलं, पण दोघांच्या सामायिक जीमेल खात्यात. वकीलबाईंना दागिन्यांची बिलं आधी हवी होती. स्त्रीधन कोणाचं या वादात बिलांचा आधार होतो. पासवर्ड बदलावा तर खात्याला जोडलेला मोबाईल त्याचा. नुसतं आत जाऊन उतरवून घ्यावं तर जीमेलच्या पानात खाली कोपऱ्यात 'डिटेल्स' असतं. तिथं कुठल्या पत्त्यावरून कोण आत आलं त्याची यादी दिसते. गावाचं नाव अचूक येईलच असं नाही, पण 'कर्नाटक' एवढं आलं तरी बस झालं. कर्नाटकात त्या पोरीचं एकच घर, माझं.

व्हीपीएन म्हणजे काय ते मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. आपली चिठ्ठी दुसऱ्या गावच्या पोस्टात नेऊन टाकायची, शिक्का त्या गावाचा बसतो. पण वाटेतला सांडणीस्वार पडला तर कॉम्प्युटर थांबत नाही. तो इमानानं चिठ्ठी आपल्याच गावच्या पेटीत टाकून मोकळा होतो. आणि वर सांगतही नाही. तसं होऊ नये म्हणून किल स्विच. व्हीपीएन तुटलं तर नेटच बंद.

आमच्याकडे दिवेलागणीआधी जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मिळते. वही घेऊन बसलो. त्या खात्याला अजून हात लावायचा नाही, एवढं पहिल्या पानावर लिहिलं.

काळ्या खिडकीत पिंग चालू केलं. दर सेकंदाला एक हाक बाहेर जाते, उत्तर येतं, आणि उत्तराला किती मिलिसेकंद लागले तो आकडा येतो. हा आकडा मला फार आवडला. व्हीपीएन नसताना उत्तर चोविसाच्या आसपास यायचं. सिंगापूरच्या सर्व्हरवरून गेलं की नव्वदीच्या पुढे. म्हणजे हाक कुठल्या वाटेनं गेली ते आकडाच सांगतो. (सिंगापूर का, तर सर्ट-इननं एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना गिऱ्हाइकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातली यंत्रं उचलली. आता त्यांचा 'भारत' सुद्धा अनेकदा बाहेरच बसलेला असतो.)

पहिली परीक्षा: ॲपमधलं डिस्कनेक्टचं बटण दाबलं. लगेच चोवीस, चोवीस, पंचवीस. भाचीचा चेहरा उतरला. "चालत नाही हे, मावशी." मी म्हटलं थांब, परीक्षाच चुकली असेल. तसंच होतं. आपण स्वतः हातानं बंद केलं तर ॲप समजतं की मालकाची इच्छा, आणि वाट मोकळी करतं. पुष्कळ लोक एवढंच करून बघतात आणि किल स्विच बाद ठरवतात. आपण तोडून उपयोग नाही, ते आपोआप तुटायला पाहिजे.

मग टास्क मॅनेजरमधून व्हीपीएनचा प्रोग्रॅमच मारून टाकला. पिंगच्या खिडकीत 'जनरल फेल्युअर' अशा ओळी एकाखाली एक पडायला लागल्या. इतकी सुंदर फेल्युअर मी आयुष्यात बघितली नव्हती. भाची हसली, आल्यापासून पहिल्यांदा.

इथंच थांबलो असतो तर फसलो असतो. बेळगावच्या पावसात नेट तुटतं ते असं नाही. लाइट जाते, राऊटर मरतो, लाइट येते, राऊटर उठतो. लॅपटॉप बॅटरीवर जागाच असतो आणि वायफाय दिसलं की झेप घेतो. व्हीपीएन मागून धापा टाकत येतं. मधल्या वेळेत काय होतं?

मी उठून राऊटरचा प्लग काढला, दहा मोजले, परत लावला. बराच वेळ काही नाही. मग नव्वद. ठीक. दुसऱ्यांदा, ठीक. तिसऱ्यांदा चोवीस, चोवीस, आणि मग नव्वद.

दोन ओळी. दोन सेकंद.

पाच वेळा केलं, त्यात दोनदा गळलं. नेहमी नापास होणारी वस्तू परवडते, माणूस ती टाकून देतो. कधीकधी पास होणारी धोक्याची. भाची म्हणाली, "दोन सेकंदांत काय कळणार त्याला?" मी काही बोलले नाही. तिनंच मग हळू आवाजात सांगितलं, "यादीत एक ओळ पडायला तेवढं पुरतं, नाही का."

सेटिंगमध्ये खोल एक कडक प्रकार सापडला: व्हीपीएन जोडलेलं नसेल तर नेट मुळीच नाही, हातानं बंद केलं तरी नाही. तो मुळात बंदच होता. का, तर गिऱ्हाइकं तक्रार करतात म्हणे, नेट चालत नाही म्हणून. तो चालू केला आणि दहा वेळा प्लग काढला. झाकण मिटून उघडलं. रीस्टार्ट केलं. चोवीस एकदाही नाही. आयपी दाखवणाऱ्या साइटवर मात्र आणखी एक भोक दिसलं: आयपीव्ही-सिक्सचा पत्ता आमचाच, घरचा. पुढचं दार लावून परसदार उघडं. ते लॅपटॉपच्या सेटिंगमधून बंद केलं. फोन तर आम्ही वापरलाच नाही. अँड्रॉइडमध्ये 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन नको' अशी सोय असली तरी नेट आहे का हे बघायला फोन बाहेर हाक मारतोच, हे मुलवाड या स्वीडनच्या कंपनीनं २०२२ मध्येच दाखवलं होतं. तिचा फोन बंद करून कपाटात ठेवला.

मग लॉगिन. नवीन लॉगिनची सूचना त्याच्या मोबाईलवर जाणार, हे ठाऊक होतं. आत आली हे त्याला कळलं तर कळू दे. कुठून ते कळायला नको. ब्राउझरनं लोकेशन विचारलं, तिनं नको म्हटलं. तेही लक्षात ठेवायचं असतं, किल स्विच त्यातलं काही बघत नाही. फाइली मोठ्या होत्या, आमचं नेट गोगलगाय. चाळीस मिनिटं दाखवत होतं. ती निळ्या पट्टीकडे बघत बसली, मी काळ्या खिडकीकडे.

सत्तर टक्क्यांवर लाइट गेली.

अंधारात फक्त स्क्रीनचा उजेड. 'जनरल फेल्युअर'. तिनं माझा हात धरला. सात-आठ मिनिटांनी पंखा फिरला, राऊटरचे दिवे एकेक करून लागले. मी ओळी मोजत होते, मोठ्यानं, वर्गात हजेरी घ्यावी तशी. फेल्युअर, फेल्युअर, फेल्युअर, ब्याण्णव.

डाउनलोड पुन्हा लावलं. संपलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. बाहेर पडण्याआधी तिनं 'डिटेल्स' उघडलं. आमच्या ओळी सगळ्या सिंगापूरच्या. त्यांच्या मधोमध एक: महाराष्ट्र, मोबाईल, नऊ मिनिटांपूर्वी.

तोही आत होता. आमच्याबरोबर, त्याच वेळी, तीच यादी बघत.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग साइन आउट केलं, पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, उद्या वकीलबाईंकडे किती वाजता जायचं?"